योकोहामाची आजी, पिट्सबर्गचा नातू

दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे जसे अभ्यंगस्नान चुकत नाही, तसा जपानात ३१ डिसेंबरच्या रात्री गाण्याचा एक कार्यक्रम चुकत नाही. घराची झाडलोट आधीच आटोपलेली असते. नव्या वर्षाचे पदार्थ लाखेच्या डब्यांत एकावर एक रचून ठेवलेले असतात. कुट्टूच्या पिठाच्या लांबच लांब शेवयांचे वाडगे पुढ्यात येतात. शेवई जितकी लांब तितके आयुष्य लांब, अशी त्या लोकांची समजूत. आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर चित्रवाणीच्या संचासमोर येऊन बसते. कार्यक्रमाचे नाव ‘कोहाकु उता गास्सेन’, म्हणजे तांबड्या-पांढऱ्यांची गाण्यातली लढाई. तांबडा पक्ष बायकांचा, पांढरा पुरुषांचा. १९५१ मध्ये नभोवाणीवर सुरू झालेली ही लढाई १९५३ मध्ये चित्रवाणीवर आली, आणि १९६३ साली तर तोक्यो आणि आसपासच्या भागात शंभरातल्या एक्याऐंशी घरांनी ती पाहिली, अशी नोंद आहे. या रंगमंचावर एकदा उभे राहायला मिळाले की जन्माचे सार्थक झाले, असे जपानी गायक मानतो.

२००८ सालच्या लढाईत पांढऱ्या पक्षाकडून एक सत्तावीस वर्षांचा तरुण पुढे आला. आफ्रिकी वंशाचा अमेरिकन. डोक्यावर खेळाडूंची टोपी, अंगात अमेरिकेतली उनाड पोरे घालतात तसले ढगळ कपडे. मात्र त्या कपड्यांवर एका वृद्ध जपानी बाईचे चित्र छापलेले होते. त्याने गायला सुरुवात केली आणि बाहेर पडले ते थेट जपानी मातीतले गाणे! हिवाळ्यातला समुद्र, त्यात पडून विरघळणारा बर्फ, आणि काठावर उभी असलेली, प्रेमात पोळलेली एक स्त्री. डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावे, एखादा मुरलेला जपानी गवई गातो आहे. डोळे उघडावेत तर समोर हा!

या तरुणाचे नाव जेरोम चार्ल्स व्हाईट. जपान त्याला ‘जेरो’ या सुटसुटीत नावाने ओळखतो. कपड्यांवरच्या चित्रातली वृद्धा ही त्याची सख्खी आजी, आईची आई. या रंगमंचावर एक दिवस गाऊन दाखवीन, असा शब्द त्याने आजीला दिलेला होता. शब्द पुरा झाला. पण ऐकायला आजी नव्हती. ती २००५ मध्येच वारली होती.

गोष्ट एवढीच असती तरी सांगण्याजोगी होती. पण तिच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्यालाही चुकलेला नाही. एखादे गाणे ‘आमचे’ असते म्हणजे नेमके कोणाचे असते? रक्ताचे? देशाचे? की ज्याच्या कानावर ते लहानपणी पडले त्याचे?

भाषणाची गाणी झाली

जेरो गातो त्या प्रकाराला ‘एन्का’ म्हणतात. ‘एन’ हे अक्षर ‘एन्झेत्सु’तले, म्हणजे भाषणातले, ‘का’ म्हणजे गाणे. भाषणाचे गाणे! हे विचित्र नाव पडले त्याला कारण घडले.

१८८० च्या सुमारास जपानात लोकांना अधिकार हवेत, प्रतिनिधींची सभा हवी, अशी चळवळ चालू होती. सरकारने सभांवर निर्बंध घातले. वक्ते उभे राहिले की पोलीस पुढे येत. तेव्हा चळवळीतल्या तरुणांनी युक्ती काढली: भाषण करू देत नाही काय? मग आम्ही गातो! चौकाचौकात उभे राहून ते सरकारवर टीका करणारी पदे म्हणू लागले आणि पदांचे छापील कागद विकू लागले. आपल्या शाहिरांनी हेच केले नाही काय? डफ-तुणतुण्याच्या साथीने जे खपून जाते ते व्यासपीठावरून बोलले तर खपत नाही, हा अनुभव सगळीकडचा सारखाच आहे.

पुढे चळवळ ओसरली आणि गाण्यातले राजकारणही पातळ होत गेले. रस्त्यावरच्या गवयांच्या हाती व्हायोलिन आले. सोएदा अझेनबो हा या मंडळींतला नामांकित. त्याच्या पदांत गरिबीची आणि महागाईची चेष्टा असे. मग तबकडीचा जमाना आला. १९३१ मध्ये कोगा मासाओ या संगीतकाराने दारूचा प्याला, अश्रू आणि उसासा यांना एकत्र आणणारे एक संथ गाणे गिटारच्या साथीवर बसवले, आणि सारा देश ते गुणगुणू लागला. त्यानंतरच्या काळात हा सूर पक्का होत गेला. बंदर सोडून निघालेली बोट, शहरात पोट भरायला आलेला खेड्यातला मुलगा, दूर राहिलेली आई, न परतलेला प्रियकर, पाऊस, बर्फ आणि रात्री उशिरा रिकामा होणारा प्याला, हे त्याचे ठरलेले विषय.

सूर ओळखीचा आहे

मराठी कानाला एन्का ऐकताना एक गंमत वाटते. सूर परका वाटत नाही! याला कारण आहे. यातली पुष्कळ गाणी ज्या स्वरसप्तकात बांधलेली असतात त्याला जपानी लोक ‘योनानुकी’ म्हणतात. ‘यो’ म्हणजे चौथा, ‘ना’ म्हणजे सातवा आणि ‘नुकी’ म्हणजे काढून टाकलेला. सात स्वरांतला चौथा आणि सातवा गाळा, म्हणजे मध्यम आणि निषाद गाळा, उरले काय? सा, रे, ग, प, ध. हा तर आपला भूप! गाण्याच्या शिकवणीला बसलेल्या कोणत्याही मुलीला विचारा, पहिल्या महिन्यात ती हेच घोटत असते. दुःखाच्या गाण्यांसाठी याच पाच स्वरांतले गंधार आणि धैवत कोमल करतात. शिवरंजनीतला धैवत कोमल केला तर जे रूप दिसेल, ते बरेचसे हेच. भूप काय किंवा योनानुकी काय, कोणी कोणाकडून उचललेला नाही. पाच स्वरांचे सप्तक जगात अनेक ठिकाणी आपापले उगवले आहे. पण शेजारच्या घरात आपल्याच वरणाचा वास यावा, तसे वाटते खरे.

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे ‘कोबुशी’. एका अक्षरावर थांबून गळा झटकन वर-खाली फिरवायचा, स्वराला एक लहानशी गाठ मारायची आणि पुन्हा सोडायची. आपण तिला हरकत किंवा मुरकी म्हणू. ही जागा लिहून दाखवता येत नाही. ऐकून ऐकूनच गळ्यात बसते. म्हणूनच जपानात कितीतरी होतकरू गायक गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून गाणे शिकले. काहींनी रात्री गिटार गळ्यात अडकवून दारूच्या गुत्त्यांतून फिरत, गिऱ्हाईक सांगेल ते गाणे म्हणत गळा तयार केला. पुढे फार मोठा झालेला किताजिमा साबुरो हा गायक एके काळी तोक्योच्या शिबुया भागात असाच फिरत असे.

सारांश, एन्का ही सोपी वाटणारी पण सोपी नसलेली वस्तू आहे. तिचा एक ठरीव थाटही आहे: अंगात किमोनो, केस चापूनचोपून बसवलेले, कमरेत खोल वाकून नमस्कार, आणि गाताना डोळ्यांच्या कडेला जमलेले पाणी. ‘ही आमच्या मनाची वस्तू, परक्याला ती कळायची नाही,’ अशी तिच्या चाहत्यांची भावना. आता अशा दरबारात पिट्सबर्गचा हा मुलगा शिरला कसा?

सैनिकाची बायको

त्यासाठी मागे जायला हवे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या योकोहामाला. १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि १९५२ पर्यंत तेथे परक्या सैन्याचा अंमल राहिला. योकोहामा हे मोठे बंदर. अमेरिकन सैनिकांचा तेथे सुळसुळाट. त्या सैन्यातही काळ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या असत. हा भेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला. अशा त्या दिवसांत एका नृत्याच्या कार्यक्रमात योकोहामाच्या एका तरुणीची एका काळ्या अमेरिकन सैनिकाशी ओळख झाली, आणि दोघांनी लग्न केले.

आजच्या वाचकाला हे लिहायला सोपे, वाचायला सोपे. पण त्या बाईने काय केले याचा विचार करा! कालपर्यंत जो शत्रू होता त्याच्या घरात ती गेली. त्या वर्षांत हजारो जपानी मुलींनी अमेरिकन सैनिकांशी लग्ने केली आणि बहुतेकींना दोन्हीकडून बोलणी खावी लागली. माहेरी म्हणत, ‘शत्रूकडे गेली’; सासरच्या देशात म्हणत, ‘शत्रूची आली.’ नवरा काळा असला तर तिसऱ्या प्रकारची बोलणी आणखी वेगळी. माहेर सातासमुद्रापलीकडे. दिवाळसणाला आणायला येणारा भाऊ नाही, की वर्षाकाठी एकदा डोळे टिपायला आईचा पदर नाही.

मुलगी झाल्यावर हे कुटुंब नवऱ्याच्या गावी, पिट्सबर्गला गेले. पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेचे जमशेदपूर: पोलादाच्या भट्ट्या, धूर, नद्यांवरचे पूल. तेथे या बाईने आपले जपानपण घराच्या चार भिंतींत जपले. बोली जपली, चव जपली, आणि गाणी जपली.

त्या गाण्यांत तिची विशेष आवडती गायिका होती मिसोरा हिबारी. हे धारण केलेले नाव. अर्थ ‘सुंदर आभाळातला चंडोल’. हीसुद्धा योकोहामाचीच, १९३७ मध्ये जन्मलेली, एका मासेविक्याची मुलगी. युद्धात भाजून निघालेल्या देशात ही चिमुरडी मोठ्या माणसांच्या आवाजात गाऊ लागली आणि लोक वेडे झाले. १९८९ मध्ये ती गेली तेव्हा साऱ्या देशाने घरातले माणूस गेल्यासारखा शोक केला.

मुलीची मुलगी, नातवाची पाळी. १९८१ मध्ये जेरोचा जन्म झाला. आई-वडील लवकरच वेगळे झाले, आणि मुलगा आई व आजी यांच्या सहवासात वाढला. आजी तबकड्या लावायची. नातू कान देऊन बसायचा. पाच-सहा वर्षांचा असतानाच तो हे सूर गळ्यातून काढू लागला. शब्दांचा अर्थ कळत नव्हता. विरह म्हणजे काय, बंदरावरचा निरोप म्हणजे काय, हे त्या वयात कोणाला कळते? आपल्या घरातली चार वर्षांची मुले ‘शुभंकरोति’ म्हणतात ती कुठे अर्थ समजून म्हणतात? पण आजीचा चेहरा खुलतो एवढे त्याला कळत होते, आणि लहान मुलाला गाणे शिकायला तेवढे कारण पुरते.

दारावरची टोपी

शाळेत असतानाच जेरो जपानी भाषा शिकू लागला. कॉलेजात असताना ओसाकाजवळच्या एका विद्यापीठात त्याने काही महिने काढले. घराबाहेर तो अगदी आपल्या पिढीचा अमेरिकन मुलगा होता. विद्यापीठात रस्त्यावरच्या नव्या धर्तीच्या नाचाच्या चमूत नाचत होता. २००३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाची माहितीशास्त्रातली पदवी घेऊन तो जपानला गेला. गेला तो आधी पोटापाण्याच्या वाटेने. वाकायामा येथे त्याने इंग्रजीची मास्तरकी केली, मग ओसाकाला संगणकाच्या कामावर लागला. आणि सुटीच्या दिवशी गाण्याच्या स्पर्धांतून भाग घेऊ लागला.

अशा स्पर्धांना जपानात तोटा नाही. कोबे शहरात १९७१ मध्ये इनोउए दाइसुके नावाच्या एका वादकाने नुसती साथ वाजवणारे यंत्र तयार केले. नाणे टाकावे आणि गाणे आपले आपण म्हणावे! हेच ते ‘काराओके’. त्याने त्या यंत्राचे हक्क नोंदवले नाहीत, म्हणून पैसा दुसऱ्यांनीच केला. पण या यंत्रामुळे दिवसभर कचेरीत मान मोडून काम करणारा कारकूनही रात्री गवई होऊ लागला. हौशी गायकांसाठी तेथील सरकारी धर्तीच्या प्रसारण संस्थेचाही एक जुना कार्यक्रम आहे. चांगले गायले की घंटा खणखणतात. जेरो त्या कार्यक्रमात गायला आणि एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या माणसांचे कान टवकारले.

तरी कंपनीने त्याला लगेच पुढे केले नाही. सुमारे दोन वर्षे त्याची तालीम झाली. पहिले गाणे येईतो आजी गेलेली होती.

२० फेब्रुवारी २००८ रोजी त्याचे पहिले गाणे बाजारात आले. नाव ‘उमियुकी’, म्हणजे समुद्रावरचा बर्फ. निइगाता प्रांतातल्या इझुमोझाकी या किनाऱ्यावरच्या गावाचा त्यात उल्लेख आहे. शब्द होते अकिमोतो यासुशी यांचे. याच कवीने १९८९ मध्ये मिसोरा हिबारीसाठी नदीच्या प्रवाहाचे ते गाणे लिहिले होते, जे तिच्या अखेरच्या काळातले सर्वांत गाजलेले गाणे ठरले. आजीच्या आवडत्या गायिकेचा कवी नातवासाठी शब्द लिहितो, याहून मोठा आहेर कोणता?

खपाच्या साप्ताहिक यादीत ‘उमियुकी’ पहिल्याच झेपेला चौथ्या क्रमांकावर गेले. एन्का गाणाऱ्या कोणत्याही नवोदिताला तोपर्यंत एवढ्या वरून सुरुवात करता आली नव्हती. डिसेंबरात त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदित गायकाचे पारितोषिक त्याला मिळाले, आणि दुसऱ्याच रात्री कोहाकुचा रंगमंच.

आता कपड्यांविषयी. ‘ही कंपनीची जाहिरातबाजी,’ असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. एन्काचा श्रोता म्हातारा होत चालला होता. तरुण पोरे तिकडे पाठ फिरवत होती. टोपीवाला काळा गायक दिसला की पोरे क्षणभर तरी थांबतात, हे कंपनीला कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण दुसरी बाजूही पाहावी. किमोनो घालून, जपान्याचे सोंग घेऊन तो आला असता तर लोकांनी गंमत म्हणून दोन दिवस पाहिले असते. तो आपल्याच कपड्यांत आला आणि गळा मात्र अस्सल लावला. ‘मी असा आहे, आणि हे गाणेही माझे आहे,’ असे त्या टोपीने न बोलता सांगितले.

दिल्लीचे सरदारजी

परक्या गायकाला जपानने डोक्यावर घेण्याची ही पहिली वेळ नव्हे. तैवानची तेरेसा तेंग १९७४ मध्ये विमानतळावरच्या निरोपाचे गाणे गाऊन तेथील नवोदितांचे पारितोषिक मिळवून गेली, आणि १९८४ ते १९८६ अशी ओळीने तीन वर्षे तिने हॉटेलांतून व गुत्त्यांतून ऐकू येणाऱ्या तारवाहिनीवरील गाण्यांचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. कोरियाच्या अनेक गायिकांनी तेथे नाव कमावले. पण या चेहऱ्यामोहऱ्याने जपान्यांत खपून जाणाऱ्या होत्या, असे कोणी म्हणेल.

तसे म्हणणाऱ्याला एका भारतीयाचे नाव सांगावे: सरबजीतसिंग चड्ढा. हे दिल्लीचे शीख गृहस्थ. १९७५ मध्ये, म्हणजे जेरोचा जन्म व्हायच्या सहा वर्षे आधी, यांच्या एन्कागीतांची तबकडी जपानात निघाली. नाव ‘ओमोकागे नो हितो’. दीड लाख प्रती खपल्या! डोक्याला पगडी, चेहऱ्यावर दाढी, आणि तोंडात जपानी विरहगीत. भूपाच्या देशातला माणूस योनानुकीत रमला, यात नवल ते काय?

पण पुढे काय झाले? एका वेळी सहा महिन्यांहून अधिक राहता येणार नाही, असे चड्ढांना सांगण्यात आले. गाणाऱ्याने गावोगाव फिरायचे, मैफली करायच्या, लोकांच्या नजरेसमोर राहायचे. सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत हे कसे जमावे? काही वर्षांनी ते भारतात परतले. गाण्याला दार उघडे, माणसाला मात्र उंबरठा! तेरेसा तेंगलाही १९७९ मध्ये पारपत्राच्या भानगडीत जपान सोडावे लागले आणि वर्षभर परत येता आले नाही.

जेरोच्या यशाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. गळा चड्ढांकडेही होता. जेरोच्या पाठीशी मात्र आजी होती. ‘हा परका नव्हे, आपल्याच मुलीचा नातू,’ असे म्हणायला जपान्यांना जागा होती. जी मुलगी एके काळी परक्याबरोबर गेली तिचाच नातू साठ वर्षांनी तिच्या माहेरचे गाणे माहेराला परत द्यायला आला, ही गोष्ट लोकांच्या मनाला भिडली. पण मनात एक कुसळ राहतेच. आजीची ओळख दाखवल्याशिवाय नुसत्या गळ्याला दार पूर्ण उघडले असते काय?

सोवळे कशाचे?

आता ‘शुद्ध जपानी’ या शब्दाकडे येऊ. वाजिमा युसुके नावाच्या जपानी अभ्यासकाने २०१० मध्ये एक पुस्तक लिहून पुष्कळांच्या समजुतीला धक्का दिला. एन्का म्हणजे जपानी मनाचा प्राचीन ठेवा ही कल्पनाच मुळी जुनी नाही. १९६० नंतरच्या वर्षांत ती आकाराला आली, असे त्यांनी दाखवले. आणि विचार केला तर खरेच की! ज्या कोगा मासाओने सूर पक्का केला त्याचे बालपण कोरियात गेले. वाद्ये पाहावीत तर व्हायोलिन, गिटार, कर्णे. योनानुकी हे सप्तकदेखील १८७० नंतर पाश्चात्त्य संगीत जपानी शाळांत शिरले तेव्हा दोघांच्या मिलाफातून घडले.

मौज तर पुढेच आहे. मिसोरा हिबारीने बारा वर्षांची असताना, १९४९ मध्ये, जी पहिली तबकडी भरली ती कसली होती? ‘बुगी-वुगी’ची! बुगी-वुगी हा अमेरिकेतल्या काळ्या पियानोवादकांनी घडवलेला ताल. आणि ‘उमियुकी’ला चाल लावणारे उझाकी र्‍युदो कोण? तरुणपणी ज्यांनी गाजवलेल्या वाद्यवृंदाच्या नावातच ‘बुगी-वुगी’ होते ते! म्हणजे काळ्या अमेरिकनांचा ताल समुद्र ओलांडून योकोहामाला गेला. मासेविक्याच्या पोरीने तो गळ्यात घेतला. तिची गाणी एका सैनिकाच्या बायकोबरोबर समुद्र ओलांडून पिट्सबर्गला आली. आणि तिच्या काळ्या नातवाने ती परत जपानला नेली. यात कोणी कोणाचे काय घेतले, याचा हिशेब कोणत्या कारकुनाने मांडावा?

आपण हसण्याचे कारण नाही. आपल्या नाट्यसंगीताचा जीव की प्राण असलेली पेटी, ती कोठली? युरोपातून आलेली! १९४० मध्ये आकाशवाणीने ‘ही परकी, हिच्यात मींड नाही,’ म्हणून तिला दाराबाहेर काढले, आणि कितीतरी वर्षे आत घेतले नाही. पण गोविंदराव टेंब्यांची बोटे ज्या पेटीवर फिरली तिला परकी म्हणायची कोणा मराठी रसिकाची छाती होईल? जी वस्तू तीन पिढ्या घरात नांदली ती घरची झाली. तिच्या जन्मगावाची चौकशी करीत बसणे हा रिकामटेकडेपणा होय.

पुढे काय?

यशाची गोष्ट सांगून लेखक पळून जातो आणि वाचक विचारीत राहतो, ‘मग पुढे?’ तेव्हा तेही सांगतो. पहिल्या नवलाईचा भर कोणाचाही टिकत नाही, तसा जेरोचाही टिकला नाही. पण तो नुसत्या नवलाईवर जगलाही नाही. जुन्या गाजलेल्या गाण्यांच्या तबकड्या त्याने भरल्या, गावोगाव कार्यक्रम केले, दहा वर्षे हा धंदा इमानाने केला. २०१८ मध्ये त्याने गाण्यातून बेमुदत सुटी घेत असल्याचे जाहीर केले आणि तो पुन्हा संगणकाच्या कामाकडे वळला. त्यात शोकांतिका पाहण्याचे कारण नाही. आजीला दिलेला शब्द पुरा झाला होता. आणि ज्या विद्येची पदवी घेतली तिच्यावर पोट भरणे हा तर आपल्या मध्यमवर्गीयांचा कुळधर्मच आहे.

त्याच्यामागे राहिले ते एक उदाहरण. एन्का परक्याला कळत नाही, हे वाक्य आता पूर्वीच्या ठामपणाने बोलता येत नाही.

आज आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे समुद्रापलीकडे आहेत; खुद्द पिट्सबर्गच्या आसपासही मराठी घरे आहेत. त्यांच्या आज्या दिवाळीला तेथे जातात, चकलीची भाजणी बरोबर नेतात आणि नातवंडे मराठी बोलत नाहीत म्हणून हळहळतात. त्यांना जेरोच्या आजीची हकीकत सांगावीशी वाटते. तिने नातवासाठी वर्ग काढला नाही, संस्कृतीवर व्याख्यान दिले नाही. आपल्याला आवडणारे गाणे ती त्याच्या देखत, मन लावून ऐकत राहिली. मुलाने शब्दांआधी तिचे ते ऐकणे उचलले. शब्दांचा अर्थ त्याला पुढे सावकाश कळला. त्या नातवंडांनी मराठी कधी बोलावे हे त्यांचे ती ठरवतील. आजीने तोवर आपली भूपाळी थांबवू नये.